छातीतल्या एकशे चौदा गाड्या

माझ्या हाताखालून गेलेली एकही गाडी रस्त्याकडेच्या सरकारी खांबाला सापडली नाही. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता झोपेतून उठवून विचारलं तरी तेच तोंडातून येईल. लाज वाटायला पाहिजे. वाटते की. पण आधी अभिमान येतो आणि लाज मागून येते, हे खरं आहे. खोटं सांगून आता मला कुणाकडून काय मिळवायचंय?

मी अंकुश पांचाळ. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की उमरग्याच्या अलीकडे डाव्या हाताला पत्र्याचं शेड लागतं, ‘सायलेन्सर व वेल्डिंग’ अशी पाटी असलेलं, ते माझं. शेडमागं घर आणि घरामागं अंगण. घरात मी आणि बायको छाया, दोघंच. मुलगी नम्रता लग्न होऊन मस्कतला गेली, त्याला आता चार वर्षं झाली.

छोट्या गाड्या केव्हाच बॅटरीवर गेल्या. चाळीस-पन्नास टन ओढणारे ट्रेलर तेवढे डिझेलवर राहिले, आणि सगळी भानगड त्यांच्या काजळीची. डिझेल जळतं तेव्हा सगळं जळत नाही, उरतं ती काजळी. त्यातली डोळ्यांना दिसते ती निदान नाकात अडकते. दिसत नाही ती सरळ छातीत उतरते. ही अडवायला सायलेन्सरच्या आधी एक डबा बसवलेला असतो, त्याला फिल्टर म्हणतात. डब्यात भाजलेल्या मातीच्या जातीचा एक ठोकळा, मधमाशीच्या पोळ्यासारखा नळ्या-नळ्यांचा. निम्म्या नळ्या या टोकाला बुजवलेल्या, निम्म्या त्या टोकाला. धूर एका नळीत शिरतो, पुढं वाट बंद, म्हणून भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. हवा पलीकडं जाते, काजळी भिंतीवर राहते. ठोकळा भरत आला की इंजिन आपणहून त्याला सहाशे अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी तिथल्या तिथं जाळून टाकतं.

सांगायला सोपं आहे. पण गाडी थांबत-थांबत चालली की तेवढी ऊब धरत नाही. मग पिवळा दिवा लागतो, गाडीचा जोर निम्म्यावर येतो, आणि ड्रायव्हरनं रस्त्याकडेला चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसतं बसून राहायचं. तिकडून मालक फोनवर त्याची आई-बहीण काढतो. असं महिन्यात तीनदा झालं की गाडी माझ्या शेडपुढं उभी.

मी डबा कापायचो, आतला ठोकळा फोडून काढायचो आणि डबा परत जोडायचो. वरून बघाल तर कंपनीतून आल्यासारखा, आत काही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला ‘सगळं ठीक आहे’ असं सांगत राहणारी एक चिप लावली की झालं. याला आमच्यात पोकळ करणं म्हणतात. या रस्त्यावर नळदुर्गपासून हुमनाबादपर्यंत पोकळ करणारे आम्ही नऊ जण होतो.

मग खुणा आल्या. पुण्यातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत एका बाईंच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. ठोकळ्याला आतून एक लेप असतोच. त्या लेपात सात दुर्मिळ मूलद्रव्यं चिमूट-चिमूट घालायची, पण प्रत्येक ठोकळ्यात वेगळ्या प्रमाणात. मसाले तेच असले तरी दहा घरांचं काळं तिखट दहा चवींचं होतं ना, तसं. सातांपैकी प्रत्येकाची दहा प्रमाणं धरली तर एक कोटी खुणा होतात, एकीसारखी दुसरी नाही. खूण गाडीच्या चासी नंबरला बांधलेली. ठोकळा धड असेल तोवर लेप जागेवर राहतो. तो फोडला की चुरा डब्याला आतून चिकटतो आणि पुढं सात-आठ महिने धुराबरोबर कण-कण बाहेर येत राहतो. रस्त्याकडेला खांब लावले, ते हवा ओढतात. एकेका कणावर लेझरचा झोत पडतो, कण जळतो, आणि जळताना त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा उजेड टाकतं. खांब ते रंग वाचतो आणि गाडीचा नंबर सांगतो. गाडी जप्त, आणि फोडणाऱ्याला सात वर्षं.

वर्षभरात नवांतले आठ बंद झाले. तिघं आत गेले, बाकीच्यांनी चहाच्या टपऱ्या टाकल्या. मी डोकं चालवलं.

डबा कापायच्या आधी अख्खा पाण्यात बुडवायचा. पाण्यात भांड्यांचा साबण आणि कपड्यांची खळ. एक दिवस तसाच ठेवला की ठोकळा ढेकळासारखा ओला निघतो, कण उडत नाही. मग डबा प्रेशरच्या पाण्यानं तीनदा धुवायचा आणि ओल्या फडक्यानं आतून पुसायचा, न्हाव्यानं कानामागं पुसावं इतका बारकाईनं. बिदरचा शिवशरण म्हणून एक ट्रेलरवाला होता. त्यानं मुद्दाम खांबाखाली गाडी उभी करून दोन तास इंजिन चालू ठेवलं आणि मला फोन केला, “मिस्त्री, खांब झोपलाय.” त्यानंतर माझ्या शेडपुढं रांग लागायला लागली.

आता ती ओली ढेकळं कुठं जायची ते सांगतो. मागच्या अंगणात. ठोकळ्यात थोडं प्लॅटिनम असतं, त्यासाठी हैदराबादचा एक माणूस दोन महिन्यांनी येऊन पोती उचलायचा. त्याला माल बारीक लागायचा. म्हणून ढेकळं उन्हात वाळवायची, खलबत्त्यात कुटायची आणि पिठाच्या चाळणीनं चाळायची. हे काम छायाकडं होतं. दुपारी टीव्ही लावून, दारात बसून, ती कुटत असायची.

आणि एक दिवस मला हुशारी सुचली. त्या भुकटीतली मूठभर घेऊन मी जळकी कढई घासून बघितली. कढईत तोंड दिसायला लागलं. मी छायाला हाक मारली. “हे बघ. बाजारात अशी पावडर मिळणार नाही तुला.” ती खूश झाली. तिला भांड्यांचं फार. तिच्या मांडणीतली भांडी बघून आलेली बाई आधी भांड्यांचं बोलायची आणि मग कामाचं. तेव्हापासून ती त्याच भुकटीनं भांडी घासायला लागली, रोज दोन वेळा. आधी कोरडी घासायची, मग धुवायची. शेजारणींनी मागितली तर मी देऊ दिली नाही, बोभाटा होईल म्हणून. माझ्या भित्रेपणाचा जगाला झालेला फायदा तेवढाच.

मी वेल्डिंगला बसलो की चष्मा लावतो, मास्क लावतो. तिला कधी मास्क दिला नाही. सुचलं नाही, असं मी म्हणतो.

तीन वर्षांनी तिला खोकला लागला. आधी ज्येष्ठमध झाला, मग उमरग्याचे डॉक्टर झाले, मग दोन पायऱ्या चढली की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. तेव्हा तिला सोलापूरला छातीच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर होनराव म्हणून तीस-बत्तीस वर्षांच्या बाई होत्या. बोलायला साध्या, पण बघायच्या तेव्हा सरळ डोळ्यांत बघायच्या.

आमच्याकडं बाईला दवाखान्यात नेलं की डॉक्टर बाईला विचारतात आणि उत्तर नवरा देतो. यात कुणाला काही वाटत नाही. जेवण जातं का? कमी झालंय. झोप? लागत नाही. नम्रताच्या वेळी कळा कधी सुरू झाल्या तेसुद्धा नर्सला मीच सांगितलं होतं, आणि मी तर तेव्हा शेडमध्ये होतो.

तर होनराव मॅडम छायाकडं बघून विचारत होत्या आणि मी सांगत होतो. त्या म्हणाल्या, “हायवेला राहता, म्हणजे खुणेची तपासणी करू या. छातीत पोकळ गाड्यांच्या खुणा सापडल्या तर एका अर्थी बरंच आहे. आता आपल्याकडं मशीन आलंय.”

मी म्हणालो, “कसलं मशीन?”

त्यांनी नीट समजावून सांगितलं. गुंगी देऊन एका वेळी एका फुप्फुसात खारं पाणी सोडतात. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे मणी असतात. ते खुणेतल्या मूलद्रव्यांना जाऊन चिकटतात, मग बाहेरून चुंबक लावून मणी आणि कण दोन्ही पाण्याबरोबर ओढून काढतात. सोमवारी हे फुप्फुस, पुढच्या सोमवारी ते. “पण कणात खूण असली तरच,” त्या म्हणाल्या. “चुलीच्या धुरावर याचा काही उपयोग नाही. तो डांबरासारखा बसतो, मणी त्याला ओळखत नाहीत. आणि खूण सापडली तर ती कुठून आली ते लिहून द्यावं लागतं. ती जागा आधी बंद करतात. नाहीतर आम्ही धुवायचं आणि पेशंटनं घरी जाऊन परत भरायचं, असं चालेल. पाच जिल्ह्यांत एकच मशीन आहे.”

जागा बंद करतात. माझ्या कानात तेवढंच राहिलं.

मग त्यांनी छायाला विचारलं, “काकू, घरी स्वयंपाक कशावर करता?”

छायानं तोंड उघडलं. मी म्हणालो, “चुलीवर.”

“गॅस नाही?”

“आहे, पण ती वापरत नाही. चुलीचीच सवय. माहेरीही चूल होती. तीस वर्षं चुलीपुढंच बसलीय बघा.”

मॅडमनी लिहून घेतलं. मग तपासणीची गरज नव्हती. गोळ्या दिल्या, ओढायचा पंप दिला. छाया माझ्याकडं बघत होती, ते मला कडेनं दिसत होतं. मी तिकडं बघितलं नाही.

एसटीत ती शेजारी बसली होती. नळदुर्ग मागं पडल्यावर म्हणाली, “आपल्या घरात चूल कुठाय हो?”

“घरी गेल्यावर सांगतो.”

घरी गेल्यावर मी काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भुकटीचं पोतं मांडणीजवळून उचलून शेडमध्ये नेऊन टाकलं, कुटायचं काम बंद केलं, आणि बाजारातून भांड्यांच्या साबणाच्या सहा वड्या आणल्या. ती त्या वड्यांकडं बघत राहिली. तिला तेव्हाच सगळं कळलं असणार. बाई चौथी शिकलेली असली तरी बिनडोक नव्हती, बिनडोक मी होतो.

आठ दिवसांनी गावच्या आशाताईंचा, सुलोचनाताईंचा फोन. “दादा, तुमचं नाव चुलीच्या यादीत आलंय सोलापूरहून. गुरुवारी येते, चुलीचा फोटो काढावा लागतो.”

मी त्यांना ‘या की’ म्हणालो आणि फोन ठेवून डोक्याला हात लावला. मग ओढ्याकाठची माती आणली, भुसा मिसळला आणि अंगणातल्या भिंतीला लागून चूल घालायला बसलो. लोखंडाचं कसलंही काम सांगा मला. मातीला हात लावायची पहिलीच वेळ. छाया उंबऱ्यावर बसून बघत होती.

“तोंड एवढं रुंद नसतं,” ती म्हणाली. “जाळ बाहेर येईल.”

मी तोंड अरुंद केलं.

“मागचा टेकू उंच घ्या. तवा कलंडायलाय तुमचा.”

मी टेकू उंच केला. ती खोकत-खोकत सांगत होती आणि मी करत होतो. तीस वर्षांच्या संसारात तिनं सांगितलेलं इतकं निमूटपणे मी कधीच ऐकलं नव्हतं. चूल उभी राहिली, वाळली. पण मागची भिंत पांढरीशुभ्र. तीस वर्षांची चूल आणि भिंतीला धूर नाही, हे आशाताईच काय, कुणीही पकडलं असतं. शेडमध्ये बुडवायला ठेवलेल्या एका डब्यात काजळी होती. फडक्यावर घेऊन मी ती भिंतीवर चोळली, खाली दाट, वर विरळ. चुलीच्या तोंडालाही लावली. हात धुऊन लांबून बघितली. झकास झाली होती.

“चांगली झालीय,” छाया म्हणाली. “तुमच्या गाड्यांसारखीच. वरून बघितल्यावर कुणालाही खरी वाटंल.”

गुरुवारी सुलोचनाताई आल्या. फोटो काढले, मोबाइलवर काय-काय भरलं आणि छायाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “काकू, आता हिच्यावर स्वयंपाक करायचा नाही बघा. शपथ घ्या माझी.”

“नाही करत,” छाया म्हणाली. “खरंच नाही करत.”

त्या गेल्यावर मी चुलीवर जुना पत्रा टाकून ठेवला.

मी पोकळ करायचं काम सोडलं का? नाही सोडलं. ढेकळं मात्र शेडमध्येच वाळवायला लागलो आणि मास्क लावून स्वतः कुटायला लागलो. छायाला आता धूळ लागत नाही म्हणजे हळूहळू बरं वाटेल, असं मी मनाशी धरलं होतं. छातीत गेलेलं आपोआप बाहेर येत नसतं. मी सायलेन्सरवाला. भरलेला फिल्टर आपोआप रिकामा होत नाही, हे मला सोडून दुसऱ्या कुणाला जास्त माहीत असणार?

सात महिन्यांत ती निम्मी झाली. पाठीशी दोन उशा घेऊन बसल्या-बसल्या डोळे मिटायची. नम्रताचा फोन आला की आवाजात जोर आणून ‘बरी आहे गं, सर्दी आहे’ म्हणायची आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटं धापा टाकायची. परत सोलापूर गाठलं. होनराव मॅडमनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. “चुलीनं असं होत नाही,” त्या एवढंच म्हणाल्या. मला न विचारता त्यांनी छायाला आत नेलं, नळी घालून छातीतलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं.

चार दिवसांनी बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती.

“यांच्या छातीत एकशे चौदा गाड्यांच्या खुणा आहेत,” मॅडम म्हणाल्या. “रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसाच्या छातीत दोन गाड्या सापडतात, चार सापडतात, त्याही काजळीत गुंडाळलेल्या. यांच्यात काजळी जवळजवळ नाही. नुसता ठोकळ्याचा चुरा. आणि मी या गाड्यांचे नंबर वरती पाठवून विचारलं. एकशे चौदांतली एकही गाडी आजपर्यंत एकाही खांबाला सापडलेली नाही.”

खरं सांगू? ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. बायको शेजारी ऑक्सिजनची नळी लावून बसलेली आणि माझ्या मनात आलं, एकही नाही. मग कागद माझ्यापुढं सरकवला तेव्हा नंबर दिसले. शिवशरणचे तिन्ही ट्रेलर त्यात होते. खुणा सुरू झाल्यापासून मी पोकळ केलेल्या सगळ्या गाड्या त्यात असणार. रस्त्यावर त्यांचा कण सांडू नये म्हणून मी डबे धूत होतो, पुसत होतो, आणि सगळं नेऊन तिच्यात भरत होतो.

मॅडम पुढं वाकल्या. “म्हणजे या गाड्या जिथं फोडल्या तिथं या रोज बसत होत्या. मला तेवढी जागा लिहून द्या. उद्या ती बंद होईल आणि सोमवारी मी यांना मशीनवर घेते. दोन महिन्यांत या स्वतःच्या पायानं चालत येतील. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलीय असंही नाही.”

माझं तोंड उघडलं. काय बोलणार होतो, देवाशप्पथ मला माहीत नाही. आजही रोज आठवून बघतो.

मॅडमनी हात वर केला. “तुम्ही नाही. मागच्या वेळी तुम्हीच बोललात. आता तुम्ही गप्प बसा, त्यांना बोलू द्या.”

मी गप्प बसलो.

छायानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. किती वेळ, सांगता येत नाही. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. ती वाट बघत होती. एसटीची बघतो तशी, येईल म्हणून. मग तिनं मान परत वळवली.

“चूल होती,” ती म्हणाली. “तीस वर्षं.”

“काकू, आणि या एकशे चौदा गाड्या?”

“मला काय माहीत बाई. आम्ही हायवेला राहतो.”

मॅडम पुष्कळ बोलल्या. हे तुमच्या तोंडचं म्हणून लिहून घेतलं की मला बदलता येणार नाही, असं म्हणाल्या. जागा कळल्याशिवाय नियमानं मशीन देता येत नाही, असं दोनदा सांगितलं. कुणाला भिता का, असं माझ्यासमोर विचारलं. छाया मान हलवत राहिली. शेवटी कागद पुढं आला आणि तिनं सही केली. सही करताना दम लागला म्हणून ‘पांचाळ’ लिहायला तिला दोनदा थांबावं लागलं.

येताना गाडी केली होती. मागच्या सीटवर ती खिडकीला टेकून बसली होती. मीच म्हणालो, “खरं का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सांगितलं का?”

मी समोर रस्त्याकडं बघायला लागलो.

“शेजारीच बसले होते की मी तुमच्या,” ती म्हणाली. एकेक शब्द तोडून बोलत होती. “मला वाटलं, आता बोलाल. आता तरी बोलाल.”

“त्यांनीच मला गप्प बस म्हणून सांगितलं.”

छाया हसली. हसता-हसता खोकला आला, ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मी पाठ चोळायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. खोकला थांबल्यावर म्हणाली, “तीस वर्षांत कुणाचं ऐकलं नाहीत. ऐकलं ते आज.”

मशीन सोमवारी चालायचं. पहिला सोमवार आला तेव्हा मी कपडे करून बसलो होतो, सोलापूरला जायचं, जागा सांगायची, व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात मनात आलं, मी आत गेलो तर हिला बघणार कोण? हे कारण मला फार आवडलं. आठवडाभर पुरलं. पुढच्या सोमवारी नम्रताच्या सासरी काय वाटेल, हे कारण सापडलं. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळीच शिवशरणचा फोन आला, “मिस्त्री, कुणी गाड्यांचे नंबर विचारायलंय, तुमचं तोंड बंद आहे ना?” असे सोमवार येत होते आणि मी रविवारी ठरवत होतो. छायानं एकदाही विषय काढला नाही. सहाव्या वेळी तिला पेज भरवत होतो, तेव्हा चमचा अडवून म्हणाली, “आज सोमवार ना?”

“हो.”

“बरं,” म्हणाली, आणि पेज गिळली.

असे अकरा सोमवार गेले. बारावा यायच्या आधी, शनिवारी दुपारी, टीव्ही चालू असताना ती गेली. मी शेजारीच होतो. शेवटचा अर्धा तास तिला हवा आत घेता येत नव्हती, नुसते खांदे वर-खाली होत होते. मी हात धरला. या वेळी तिनं तो बाजूला केला नाही, पण तेवढी ताकदच तिच्यात नव्हती. मी तिचा जीव घेतला. याला दुसरं काही म्हणत नाहीत.

नम्रता तिसऱ्या दिवशी पोचली. ती माझ्याशी चांगलं वागली, मला जेवायला वाढलं, औषधं विचारली. आईला काय झालं होतं असं विचारलं तेव्हा मी छातीचं दुखणं म्हणालो. आईची भांडी तिनं मांडणीवरून काढून, पुसून परत लावली. त्यात अजून तोंड दिसत होतं.

तेराव्याला शंभरेक माणूस होतं. भाताचे हंडे गॅसवर बसेनात. माझी थोरली बहीण अंगणात गेली, पत्रा उचलला आणि तिथून ओरडली, “अरे अंकुश, एवढी चांगली चूल असून झाकून काय ठेवलीस?” मी मागं पोचेपर्यंत बायांनी लाकडं आणली, चूल पेटवली, हंडा चढवला. मी घातलेल्या चुलीवर पहिला स्वयंपाक झाला तो छायाच्या तेराव्याचा. जाळ नीट धरला होता, बाहेर येत नव्हता. तोंड अरुंद करायला तिनंच लावलं होतं.

नम्रता परात घेऊन मागच्या दारात आली आणि तिथंच थांबली. चुलीकडं बघितलं, काळ्या भिंतीकडं बघितलं.

“ही चूल कुणाची?” ती म्हणाली. “आपल्याकडं चूल कधी नव्हती.”

सुलोचनाताई तिथंच भात उपसत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं होती की, बाळ. तीस वर्षांची आहे. माझ्याकडं फोटो आहेत. सोलापूरला तुझ्या आईनं स्वतः सही करून दिलंय, चुलीनंच छाती गेली म्हणून.”

नम्रता या घरात जन्मली, याच अंगणात रांगली. तिनं परात खाली ठेवली. भिंतीला बोट लावलं, बोटाला आलेली काजळी अंगठ्यानं चोळून बघितली. सायलेन्सरवाल्याची पोर ती, तिला लाकडाची कुठली आणि डिझेलची कुठली हे सांगावं लागत नाही. मग ती माझ्याकडं वळली.

“पप्पा?”

बाया हंडा उतरवत होत्या. सुलोचनाताईही माझ्याकडं बघायला लागल्या. सगळे थांबले होते, मी बोलावं म्हणून.

या वेळी मला गप्प बस म्हणून कुणीही सांगितलेलं नव्हतं.